गाणारा आणि गुण देणारा

'द सोर्स' या अमेरिकन मासिकाच्या नोव्हेंबर १९९४ च्या अंकात बॉस्टन शहरातल्या एका रॅप गटावर तीन पानांचा लेख छापून आला. संपादकांनी तो मागवला नव्हता, तपासलाही नव्हता, आणि अंक छापून होईपर्यंत तो त्यात आहे याची त्यांना कल्पना नव्हती. मासिकाचे प्रकाशक डेव्हिड मेझ यांनी तो परस्पर अंकात घातला होता. ज्या 'ऑलमायटी आरएसओ' गटाविषयी तो होता, त्या गटाचे व्यवस्थापनही मेझच पाहत होते. हे उघडकीस आल्यावर संपादकीय विभागातील बहुतेक मंडळी नोकरी सोडून निघून गेली. त्या गटाचा म्होरक्या रेमंड स्कॉट, रॅपच्या जगात बेन्झिनो या नावाने ओळखला जाणारा, पुढे त्याच मासिकाचा सहमालक झाला. आज त्याचे नाव त्याच्या गाण्यांपेक्षा या मासिकामुळेच अधिक घेतले जाते.

बेळगावात राहणाऱ्या आणि मराठी शाळेत व्याकरण व कविता शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईने या माणसाच्या कारकिर्दीवर लिहायला बसावे, याचे काहींना नवल वाटेल. माझ्या दृष्टीने त्याचे कारण आमच्या सीमाभागातच आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी अशा गावांत थंडीच्या दिवसांत मराठी साहित्य संमेलने भरतात. गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते, शेतातली कामे उरकून आलेली माणसे दिवसभर मांडवात बसून कविता ऐकतात. अशाच एका संमेलनाच्या स्मरणिकेच्या संपादनात माझा सहभाग असतो. कोणाची कविता पहिल्या पानावर जावी, कोणाच्या पुस्तकावर परीक्षण यावे आणि ते कोणी लिहावे, हे प्रश्न दरवर्षी उपस्थित होतात आणि दरवर्षी सौजन्यापोटी बाजूला ठेवले जातात. अलीकडे आमच्याकडे मराठीतून रॅप करणारी मुलेही येऊ लागली आहेत, आणि बेन्झिनोचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते त्यांच्यापैकीच एकाकडून. त्या नावामागे वाचत गेले तेव्हा लक्षात आले की मासिक चालवणाऱ्या कोणाही माणसाला टाळता न येणारा प्रश्न या एका कारकिर्दीत मुळापासून शेवटापर्यंत पसरलेला आहे.

'द सोर्स'चा जन्म १९८८ साली हार्वर्ड विद्यापीठात झाला. डेव्हिड मेझ आणि जॉन शेक्टर हे दोन गोरे विद्यार्थी विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर रॅपचा कार्यक्रम करीत असत. श्रोत्यांचे पत्ते जमवून त्या पत्त्यांवर त्यांनी एका पानाचे वार्तापत्र धाडायला सुरुवात केली. थोड्याच काळात त्याचे मासिक झाले, कार्यालय न्यूयॉर्कला गेले, आणि जेम्स बर्नार्ड व रेजिनाल्ड डेनिस यांच्यासारखे कृष्णवर्णीय संपादक त्यात आले. रॅप ज्या संस्कृतीचा भाग आहे ती हिप-हॉप ही गरीब वस्तीतल्या मुलांची तात्पुरती लहर आहे असे मोठी नियतकालिके समजत होती, त्या काळात या मंडळींनी तिच्याकडे साहित्याकडे पाहावे तसे पाहिले. ओळी सुट्या करून वाचल्या, यमके तपासली, तालाशी त्यांचा मेळ बसतो की नाही ते लिहिले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॉलवरच्या विक्रीत या मासिकाने 'रोलिंग स्टोन'लाही मागे टाकले, यात मला मोठे आश्चर्य वाटत नाही. ज्यांच्याविषयी कोणी नीट लिहिले नव्हते त्यांच्याविषयी कोणी नीट लिहू लागले, की माणसे पदरचे पैसे मोडून वाचतात.

त्या मासिकातली दोन सदरे विशेष होती. एक, नव्या अल्बमला एक ते पाच मायक्रोफोन देण्याचे. पाच मायक्रोफोन फार क्वचित मिळत. १९९४ साली नास या विशीतल्या न्यूयॉर्ककर तरुणाच्या पहिल्याच अल्बमला ते मिळाले, आणि ते परीक्षण लिहिणारी मिन्या ओह तेव्हा त्या कार्यालयात उमेदवारी करणारी मुलगी होती. उमेदवारी करणाऱ्या मुलीचे मत ऐकून घेऊन, त्यावर आपापसांत वाद घालून, शेवटी तिच्या बाजूने निर्णय देणारे संपादक मंडळ ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. दुसरे सदर होते अजून एकाही कंपनीने करारबद्ध न केलेल्या गायकांचे. कोणाकोणाच्या कॅसेटी येत, त्या ऐकल्या जात, आणि दर महिन्याला त्यातून एकाची निवड होई. मार्च १९९२ मध्ये त्या सदरात ब्रुकलिनचा नोटोरियस बीआयजी आला आणि मार्च १९९८ मध्ये डेट्रॉइटचा गोरा रॅपर एमिनेम. दोघांच्या आयुष्याला कलाटणी मिळण्यात त्या एका पानाचा वाटा होता.

रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिरातींवरच असे मासिक चालते, त्यामुळे दबाव पहिल्या दिवसापासून असणार, हे उघड आहे. तरीही वाचकांचा विश्वास टिकला, कारण गुण देणाऱ्या माणसाचे स्वतःचे गाणे त्या रांगेत नव्हते. १९९४ च्या त्या तीन पानांनी नेमका तो आधार काढून घेतला.

बेन्झिनोला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि अमेरिकेत ते पुष्कळांनी केले आहे. मला त्याच्याकडे त्याच्या गावाच्या बाजूने पाहावेसे वाटते. तो बॉस्टनचा. रॅपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास झाला, तिथूनच ते देशभर गेले, आणि पुढे लॉस एंजेलिसचे दुसरे मोठे केंद्र तयार झाले. बॉस्टन न्यूयॉर्कपासून रस्त्याने चार-पाच तासांवर, पण रॅपच्या नकाशावर फार लांब. विद्यापीठांसाठी आणि जुन्या इतिहासासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या शहराच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतही मुले गात होती, याची न्यूयॉर्कच्या कंपन्यांना फारशी पर्वा नव्हती. १९९२ साली ऑलमायटी आरएसओच्या एका गाण्यावर बॉस्टनच्या पोलीस संघटनेने आक्षेप घेतला आणि गट अडचणीत आला. एका कंपनीकडून दुसरीकडे जात जात त्यांचा पूर्ण लांबीचा अल्बम १९९६ मध्ये बाजारात आला, तोवर त्यांच्या बरोबरीची न्यूयॉर्कमधली मुले दोन-तीन अल्बम करून मोकळी झाली होती. आपण वाईट गातो म्हणून मागे आहोत की आपला पत्ता चुकीचा आहे म्हणून, हे माणसाला कळत नाही तेव्हा त्याच्या मनात जो जाळ उठतो, तो मी ओळखते.

ओळखते, कारण आमच्याकडचे कितीतरी कवी मी त्याच जाळात पाहिले आहेत. १९४६ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरले, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. तेव्हा हे गाव मराठी वाङ्मयाच्या नकाशावर ठळक होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर चित्र बदलले. बंगळूरच्या हिशेबात आम्ही मराठी आणि पुण्यामुंबईच्या हिशेबात आम्ही कर्नाटकातले. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या शिक्षकाने किंवा निपाणीच्या कामगाराने काढलेला कवितासंग्रह पुण्याच्या नियतकालिकाकडे परीक्षणार्थ दोन प्रतींत जातो आणि त्याचे पुढे काय झाले ते कळत नाही. सीमाप्रश्नावरच्या लेखात आमची नावे येतात, पण कवितेवरच्या लेखात क्वचितच येतात. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला एक दिवस वाटते, आपले आपण मासिक काढू या. त्यात गैर काहीच नाही. गैर सुरू होते ते त्या मासिकात आपल्याच पुस्तकाचे परीक्षण आपल्याच मेहुण्याकडून लिहून घेण्यापासून.

मेझ आणि बेन्झिनो यांची मैत्री हार्वर्डच्या दिवसांपासूनची होती आणि ती खरी होती, असे दोघांच्या पुढच्या आयुष्यावरून दिसते, कारण सगळे गमावल्यावरही ते एकत्र राहिले. मैत्रीपोटी मेझ यांनी त्याला मासिकात भागीदारी दिली. पण ही भागीदारी बराच काळ वाचकांना सांगितली गेली नाही. माझ्या मते सगळे बिनसले ते इथे. १९९९ मध्ये बेन्झिनोच्या 'मेड मेन' या नव्या गटाच्या अल्बमला 'द सोर्स'ने साडेचार मायक्रोफोन दिले. त्या गुणांवरून कार्यालयात पुन्हा बेबनाव झाला आणि तेव्हाचे मुख्य संपादकही बाहेर पडले. पुढे मासिकाच्या नामावलीत बेन्झिनोचे नाव सहसंस्थापक म्हणून झळकू लागले. वार्तापत्राच्या त्या पहिल्या पानाशी त्याचा संबंध नव्हता. २००१ आणि २००३ मध्ये त्याचे स्वतःच्या नावाचे अल्बम मोठ्या कंपन्यांकडून आले, बड्या गायकांनी त्यांत हजेरी लावली, आणि तरीही ते फारसे चालले नाहीत. बड्या गायकांनी हजेरी लावली ती गाण्यासाठी की मासिकासाठी, ही शंका प्रत्येक श्रोत्याच्या मनात असणार. ती त्याच्याही मनात असणार, आणि त्याची मला खरोखर कणव येते. स्वतःची खरी योग्यता कळण्याचा मार्गच त्याने स्वतःच्या हातांनी बंद केला होता.

आमच्या मराठीत लेखक-मालक-संपादक अशी एकाच देहातली त्रिमूर्ती काही नवी नाही. आचार्य अत्रे यांनी १९४० मध्ये 'नवयुग' साप्ताहिक आणि १५ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मराठा' दैनिक सुरू केले. ते नाटककार होते, विडंबनकार होते, १९५३ चा 'श्यामची आई' हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट त्यांचा होता, आणि आपल्या विरोधकांवर तुटून पडण्यासाठी त्यांनी आपली पत्रे मुक्तहस्ते वापरली. ते सगळेच न्याय्य होते असे मी म्हणणार नाही. काही प्रहार आज वाचताना जीव कानकोंडा होतो. पण 'मराठा' हातात घेणाऱ्या माणसाला आपण अत्र्यांचे पत्र वाचतो आहोत हे माहीत असे. वाचक ते जमेस धरूनच वाचत असे. 'द सोर्स'च्या वाचकाला ती संधीच दिली गेली नाही. पक्षपाताचे विष अर्ध्याहून अधिक लपवाछपवीतच असते, असे माझे मत आहे.

याहून जवळचे आणि मला अधिक भावणारे उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर करायला घेतले आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. ते सरळसरळ कारखान्याचे पत्र होते. आपल्या मालाची आणि आपल्या वसाहतीची माहिती देण्यासाठी काढलेले. शंकरराव स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. मनात आणले असते तर चित्रांची आणि नांगरांची स्तुती छापत ते आयुष्यभर बसू शकले असते. त्यांनी हळूहळू ते पत्र कारखान्याच्या हातून सोडवून मराठी वाचकाच्या हाती दिले. त्यात कथा आल्या, सामाजिक वाद आले, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख आले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे आली. मालकाचे मुखपत्र म्हणून जन्मलेले मासिक समाजाचे झाले. 'द सोर्स'चा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. समाजाचे मासिक म्हणून वाढलेले पत्र शेवटी एका भागीदाराचे मुखपत्र झाले. बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून जाताना हा विचार माझ्या मनात हटकून येतो.

बेन्झिनोच्या कारकिर्दीतले सर्वांत गाजलेले प्रकरण म्हणजे एमिनेमशी झालेला झगडा. २००२ च्या अखेरीस दोघांनी एकमेकांविरुद्ध गाणी काढली. रॅपमध्ये अशा गाण्यांना डिस म्हणतात, आणि आमच्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या फडांशी परिचय असलेल्या माणसाला त्यातली चुरस समजावून सांगावी लागत नाही. सवालाला जबाब द्यायचा, आणि कोण सरस ठरले ते समोर बसलेल्या माणसांनी ठरवायचे. एमिनेमची उत्तरे श्रोत्यांना सरस वाटली. तिथे प्रकरण मिटले असते, तर ती एका गायकाची हार ठरली असती; गायक हरतात आणि पुन्हा उभे राहतात. पण बेन्झिनोकडे मासिक होते. फडावर जे साधले नाही ते छापील पानावर साधण्याचा प्रयत्न सुरू झाला. अंकामागून अंक एमिनेमच्या विरोधात निघू लागले. एमिनेमच्या रेकॉर्ड कंपनीने जाहिराती थांबवल्या. नोव्हेंबर २००३ मध्ये मासिकाने पत्रकार परिषद घेऊन एमिनेमच्या तरुणपणातले एक ध्वनिमुद्रण ऐकवले, त्यात कृष्णवर्णीय स्त्रियांविषयी अत्यंत हीन उद्गार होते. एमिनेमने माफी मागितली, ते आपण पोरवयात रागाच्या भरात केले असे सांगितले, आणि प्रकरण न्यायालयात गेले.

आता यात एक गोष्ट अशी आहे जिच्यापाशी मी बराच काळ थांबले, आणि आजही ती मला सुटलेली नाही. बेन्झिनो जो प्रश्न विचारत होता तो पोकळ नव्हता. कृष्णवर्णीय वस्त्यांतून जन्मलेल्या कलेत एक गोरा गायक येतो आणि सर्वांत जास्त विक्री त्याची होते. रेडिओ, दूरदर्शन आणि दुकानदार त्याच्यासाठी जी दारे उघडतात, ती त्याच्याइतक्याच ताकदीच्या काळ्या मुलांसाठी उघडत नाहीत. हे असे का? या प्रश्नाचा अमेरिकेच्या संगीतात फार जुना इतिहास आहे आणि तो विचारण्याचा अधिकार रॅप गाणाऱ्या कोणाही कृष्णवर्णीय माणसाला आहे. भाषेच्या सीमेवर राहणाऱ्या आम्हा लोकांना तर तो समजायलाच हवा, कारण कोणाच्या बोलीवर कोण नाव कमावतो आणि मूळ बोलणारा कुठे राहतो, हे आम्ही रोज पाहतो. पण बेन्झिनोने तो प्रश्न विचारला तेव्हा लोकांना त्याचा नुकताच बाजारात आलेला अल्बम दिसला, 'मेड मेन'ला मिळालेले साडेचार मायक्रोफोन आठवले, आणि त्यांनी प्रश्नच कानाआड केला. त्याच ओळी स्वार्थ नसलेल्या समीक्षकाने लिहिल्या असत्या, तर त्यावर गांभीर्याने वाद झाला असता. मासिक हाती असल्यामुळे त्याचा आवाज मोठा झाला आणि शब्दाचे वजन गेले. त्याचे झाले ते झाले. माझ्या लेखी मोठे नुकसान त्या प्रश्नाचे झाले.

निपाणीच्या तंबाखू बाजाराच्या आठवणी सांगणारी माणसे आमच्याकडे अजून आहेत. शेतकऱ्याने वर्षभर राबून आणलेल्या मालाची प्रत व्यापारी ठरवणार आणि भावही व्यापारीच ठरवणार, या रीतीविरुद्ध खदखद साठत गेली आणि १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर हमरस्त्यावर येऊन बसले. समीक्षेचेही तसेच आहे. माल ज्याचा त्याच्याच हाती पारख गेली की बाजारात उरलेल्या सगळ्यांचा माल संशयात येतो, आणि ज्याचा माल खरोखर चांगला होता त्याचेही भले होत नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. २००२ पासून मुख्य संपादक असलेल्या किम ओसोरिओ यांना २००५ मध्ये काढून टाकण्यात आले. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी दावा लावला. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये ज्युरीने लैंगिक छळाचा आणि भेदभावाचा आरोप मान्य केला नाही, परंतु तक्रार केली म्हणून सूड उगवला गेला आणि त्यांची बदनामी झाली, हे मान्य करून १ कोटी ५५ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. ती रक्कम नंतर कमी झाली. त्याआधीच, २००६ च्या जानेवारीत, संचालक मंडळाने मेझ आणि बेन्झिनो या दोघांनाही मासिकातून दूर केले होते. २००७ मध्ये मासिकाने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ते दुसऱ्यांच्या हाती गेले. मासिकातून दूर झाल्यावर लवकरच दोघा मित्रांनी 'हिप हॉप वीकली' नावाचे नवे नियतकालिक काढले. २०१२ पासून बेन्झिनो अटलांटातल्या एका रिअॅलिटी मालिकेत दिसू लागला. त्याची मुलगी कॉइ लेरे आज नामांकित रॅपर आहे आणि बापाने आयुष्यभर जे यश मागितले ते तिला विशी-पंचविशीतच मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये एमिनेमने एका गाण्यात पुन्हा त्याची खिल्ली उडवली, आणि साठीच्या उंबरठ्यावरच्या बेन्झिनोने लागोपाठ दोन गाणी काढून जबाब दिला. या वेळी त्याच्या हाती मासिक नव्हते. तो फक्त गायला. ती गाणी फार मोठी आहेत असे मी म्हणत नाही, पण लोकांनी ती निदान गाणी म्हणून ऐकली.

१९९४ मध्ये नोकरी सोडून गेलेल्यांचे काय झाले, हेही सांगायला हवे. बर्नार्ड आणि डेनिस यांनी १९९७ मध्ये 'एक्सएक्सएल' हे नवे मासिक उभे केले. ते दोघे तिथे फार काळ राहिले नाहीत, पण मासिक टिकले आणि पुढे 'द सोर्स'चे मुख्य प्रतिस्पर्धी ठरले. समीक्षकांनी उठून जाणे वाया जात नाही, एवढे त्यातून दिसते. पगार सोडून जाण्याची हिंमत किती जणांत असते, हा भाग वेगळा. स्मरणिकेच्या कामाला पगार नसतानाही आम्हाला उठून जाणे जमत नाही.

ज्या मुलाने मला हे नाव सांगितले तो वडगावच्या विणकर घरातला. वडिलांचा यंत्रमाग आहे, हा स्वतः उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो आणि रविवारी माळ्यावर गोधड्या टांगून, त्यांच्या आडोशाला फोनवर गाणी मुद्रित करतो. त्याच्या एका गाण्याचा ठेका वडिलांच्या मागाच्या आवाजावर बेतलेला आहे. धोटा इकडून तिकडे जाताना होणारा तो कोरडा ठोका चार मात्रांत बसवून त्यावर तो आपल्या ओळी बोलतो. तो माझा विद्यार्थी नव्हे, पण 'टीचर' म्हणतो. स्मरणिकेचे फर्मे तपासत मी शहापूरच्या छापखान्यात बसले होते, तिथे तो आला. म्हणाला, "टीचर, गल्लीत सगळे भारी म्हणतात बघा. मुंबईला पाठवलं की कोण उत्तरच देत नाही. मध्ये कोणतरी पाहिजे की, ऐकून सांगणारं." मी त्याला सांगितले की मला रॅपमधले फार कळत नाही. तो म्हणाला, "कवितेतलं कळतंय की. तेवढं सांगा."

मी ते गाणे पुष्कळदा ऐकले, ओळी कागदावर उतरवून घेतल्या आणि वहीत जशी मुलांची कविता तपासत असे तशी तपासली. पहिल्या दोन कडव्यांत तो घरात बोलतो तसा बोलतो. आजीचे कन्नड, वडिलांचे मराठी, कारखान्यातले हिंदी असे सगळे एका दमात येते, आणि ताल कुठेही अडखळत नाही, कारण ती वाक्ये त्याच्या तोंडात जन्मापासून बसलेली आहेत. तिसऱ्या कडव्यात मात्र तो मुंबईच्या मुलांसारखा होऊ पाहतो. तिथे पैसा, गाडी आणि शत्रू येतात. यमके जुळतात, पण प्रत्येक चौथ्या मात्रेवर त्याचा श्वास तुटतो, कारण ते शब्द त्याने कोणाशी कधी बोललेले नाहीत. मागाचा ठोकाही तिथे मागे पडतो आणि इंटरनेटवर फुकट मिळणारा ठेका पुढे येतो. मी हे सगळे लिहिले, चांगले ते चांगले म्हणून आणि कच्चे ते कच्चे म्हणून, आणि शेवटी माझी सही केली. स्मरणिकेतले अर्धे पान त्यासाठी मोकळे ठेवले.

समितीत त्यावर चर्चा झाली. आपल्याच गावच्या पोराचे दोष आपणच छापायचे का, असा सूर होता, आणि तो प्रेमापोटी होता हे मी जाणते. सीमाभागात मराठीतून काही करणारा प्रत्येक माणूस आम्हाला जपावासा वाटतो. शाळा कमी होत असताना, पाट्यांपासून अर्जांपर्यंत भाषेसाठी झगडावे लागत असताना, जो कोणी मराठीत गातो त्याला टोकू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे एवढेच होते की ज्याला नुसतीच शाबासकी मिळते तो एक दिवस शाबासकीचे यंत्रच विकत घ्यायला निघतो, आणि बॉस्टनच्या माणसाची सगळी कथा मी त्यांना सांगितली. त्याच बैठकीत मी दुसरीही गोष्ट मांडली: संपादक मंडळात जे असतील त्यांचे साहित्य त्या वर्षीच्या अंकात येऊ नये, आणि परीक्षण लिहिणाऱ्याचे लेखकाशी नाते असेल तर ते लेखाखाली एका ओळीत छापावे. पहिल्या सूचनेला विरोध झाला आणि ती अजून मान्य झालेली नाही. दुसरी मान्य झाली.

परीक्षण छापून आल्यावर त्या मुलाने ते वाचले आणि तिसऱ्या कडव्याबद्दलचे माझे मत त्याला पटले नाही. गाडीचे स्वप्न उद्यमबागेत पाळी संपवून चालत घरी येणाऱ्या मुलाचेही असते, ते मुंबईकडून उसने घेतलेले नाही, असे त्याने लिहून पाठवले. अक्षर वाकडे, शुद्धलेखन कच्चे, पण मुद्दा नेमका. श्वासाबद्दलचे त्याने मान्य केले. त्याचे पत्र मी एक शब्दही न बदलता पुढच्या अंकासाठी लावले आहे, आणि तिसऱ्या कडव्याविषयी माझे मत अजून तेच आहे.